मिलान–सान रेमो : नमनाला तीनशे किलोमीटर तेल?

बिगरगिअर (धागाकर्ता) | २३ मार्च २०२५

काल आयुष्यात पहिल्यांदा इटलीतली मिलान–सान रेमो सायकल शर्यत बघितली. म्हणजे बघायला बसलो. ऑफिसातल्या एका सायकलवेड्याने डोक्यात भरवलं होतं, की व्यावसायिक सायकलिंगमधली एका दिवसाची सगळ्यात लांब शर्यत हीच, सोडू नकोस. यंदा अंतर २८९ किलोमीटर.

पाविआहून निघाले (नाव मिलानचं, सुटतात पाविआहून, हे पहिलं कोडं). सपाट रस्ता, काहीजण पुढे पळालेले, बाकी दीडशेजण लग्नाच्या वरातीसारखे गप्पा मारत मागून. मग एक बोगदा. मग समुद्र. मी जरा आडवा झालो. उठलो तर अजून समुद्रच.

आणि मग शेवटचा अर्धा तास! चिप्रेस्साच्या चढावर पोगाचार सुटला, त्याच्या मागे फक्त व्हान डर पूल आणि गान्ना. पोज्जो या शेवटच्या चढावर गान्ना मागे पडला, तरी पठ्ठ्या शेवटी परत येऊन चिकटला. सान रेमोतल्या व्हिया रोमा रस्त्यावर तिघांची स्प्रिंट (रेषेपर्यंतची शेवटची सुसाट धाव), व्हान डर पूल पहिला, गान्ना दुसरा, पोगाचार तिसरा. मी सोफ्यावर उभा होतो.

तर माझा साधा प्रश्न. सगळा खेळ शेवटच्या तीस किलोमीटरमध्येच होणार असेल, तर आधीचे अडीचशे कशाला? समुद्राकाठच्या जेनोआहून सोडा की सगळ्यांना. दीडशे किलोमीटर, चढ तेच, समुद्र तोच, माणसाचा शनिवार वाचेल.

---

दुपारची झोप

तुमचा शनिवार वाचेल, आमचा जाईल. डुलकीसाठी याहून चांगली शर्यत नाही. हेलिकॉप्टरची घरघर, निळं पाणी आणि इटालियन समालोचन. धाग्याला विरोध.

---

तिरकस तात्या

नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. पॉपकॉर्न घेऊन बसतो. आता कोणीतरी येऊन सांगणार, की ही विलंबित ख्यालासारखी असते, राग हळूहळू उलगडतो वगैरे.

---

मृण्मयी_सा

मी तेच लिहायला आले होते, तात्या. आता लिहीत नाही.

---

रांदोनर_रावसाहेब

बिगरगिअर, तुम्ही सलग किती चालवली आहे? खोचकपणे विचारत नाहीये, कारण उत्तर तिथेच आहे.

मी ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी) केली आहे. वेळमर्यादा २० तास, मला साडेसतरा लागले. २४० व्या किलोमीटरला बिस्किटांचा पुडा काढला तर बोटांना तो फाडताच येईना. दातांनी फाडला. अर्धी बिस्किटं रस्त्यावर, उरलेली तोंडात, आणि चावायचाही कंटाळा. त्यानंतर एक उड्डाणपूल लागला. एरवी ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्यावर मी सगळ्यात हलका गिअर टाकून जीभ बाहेर काढून चढलो. रस्त्याच्या कडेचं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, दया आली असावी.

आता पोज्जो बघा. ३.७ किलोमीटर, सरासरी चढ ३.७ टक्के. ताज्या पायांनी ही टेकडीसुद्धा नाही. पण ती येते २८० किलोमीटर झाल्यावर, आणि तिथे हे लोक माझ्या सपाटीवरच्या वेगाहूनही जोरात चढतात. तुम्ही म्हणता ते अडीचशे काढलेत तर पोज्जो म्हणजे फक्त एक वळणावळणाचा रस्ता उरेल.

थोडक्यात, या शर्यतीतला सगळ्यात मोठा घाट म्हणजे ते अंतर. नकाशात दिसत नाही इतकंच.

---

शंकासुर

एक बाळबोध प्रश्न. साडेसहा तास सायकलवर. मग लघुशंकेचं काय?

---

आकडेमोड

रावसाहेब, लिहिलंय झकास, पण तुमची बीआरएम आणि यांची शर्यत यात फरक आहे. तुम्ही वारा छातीवर घेत एकटे होता. यांचे पहिले दोनशे किलोमीटर घोळक्याच्या पोटात जातात. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी वाचते, घोळक्याच्या मधोमध त्याहून जास्त. शिवाय आजकाल तासाला शंभर-शंभर ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात ढकलतात. जेल, पाणी, जेल, भाताची वडी, पुन्हा जेल. बिस्किटाचा पुडा दातांनी फाडायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

२०२४ ची शर्यत आजवरची सर्वात वेगवान होती, सरासरी ताशी ४६ च्या वर. आणि जिंकला कोण? फिलिप्सन, म्हणजे शुद्ध स्प्रिंटर. अंतराने सगळे इतके पिळून निघत असतील, तर एक स्प्रिंटर पोज्जो ओलांडून आलाच कसा?

धागाकर्त्याला माझा अर्धा पाठिंबा.

---

वाऱ्यामागे

आकडेमोड, तुम्ही चाकामागच्या हवेचा मुद्दा काढलात, तोच पुढे नेतो, कारण या शर्यतीची सगळी गंमत त्यातच आहे.

वेग कमी असला की मागे राहण्याचा फायदा कमी. दहा टक्क्यांच्या चढावर माणूस हवेशी लढत नाही, स्वतःच्या वजनाशी लढतो. तिथे तगडा गडी सुटला की सुटला. पण पोज्जोवर वेग इतका असतो, की चढावरसुद्धा मागच्याला फुकटची हवा मिळते. हल्ला करणारा जळत असतो आणि मागचा त्याच्या सावलीत बसून वाट बघत असतो. म्हणून पोगाचारसारखा डोंगरवीर २०२४ ला तिसरा, यंदाही तिसरा. दुनियेतले घाट त्याला वाट देतात आणि ही टेकडी अडवते!

उलट बाजूने, स्प्रिंटरला हीच टेकडी जड जाते, कारण २८० किलोमीटरनंतर त्याच्या पायांत तो स्फोट उरलेला नसतो. म्हणजे चढ इतका सोपा की चढणाऱ्याला पुरत नाही, आणि इतका उशिरा की स्प्रिंटरला झेपत नाही. हा तराजू अंतरामुळे सांभाळला जातो. एका पारड्यातून शंभर किलोमीटर काढले की तराजू स्प्रिंटरकडे झुकणार.

फिलिप्सन आला हे खरं. पण त्याचा संघसोबती व्हान डर पूल होता, आणि त्याने पोज्जोवर आणि नंतर काय राबणूक केली ते परत बघा. असा गडी सगळ्यांच्या नशिबी नसतो.

---

तिरकस तात्या

संसारही असाच असतो. चढ सोपा, पण उशिरा येतो.

---

अबोली

सगळे हवेतल्या गप्पा मारताय (हवेचाच विषय आहे म्हणा), पण धागाकर्त्याने सुचवलेला प्रयोग कालच झाला की! त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर. बायकांची सान रेमो. जेनोआहून सुरुवात, १५६ किलोमीटर, चिप्रेस्सा तीच, पोज्जो तोच, व्हिया रोमा तीच. कोणाच्या लक्षात कसं नाही आलं? की बघितलीच नाहीत?

निकाल : लोरेना विबेस पहिली, मारिआने व्हॉस दुसरी. विबेस म्हणजे आजची सगळ्यात वेगवान स्प्रिंटर. एलिसा लोंगो बोर्गीनी पोज्जो उतरल्यावर एकटी सुटली होती, अगदी शेवटी पकडली गेली. मग स्प्रिंट.

वाऱ्यामागे म्हणतात तसंच झालं. अंतर कमी, तराजू स्प्रिंटरकडे.

पण शर्यत कंटाळवाणी अजिबात नव्हती, हेही सांगते. लोंगो बोर्गीनीला पकडलं तेव्हा माझा चहा गार झाला होता.

---

बिगरगिअर (धागाकर्ता)

अबोलीताई, नाही बघितली. चूक कबूल. पण म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध होतोय ना? कमी अंतरात चहा गार होतोय.

---

अबोली

चहा गार होणं वेगळं आणि कोण जिंकणार ते आधी न कळणं वेगळं. विबेस पोज्जोवर टिकून राहिली तर जिंकणार हे माझ्या भाचीलाही माहीत होतं. पुरुषांच्या शर्यतीत गेल्या काही वर्षांचे विजेते बघा : २०१७ क्वियात्कोव्स्की, २०१८ निबाली, २०१९ आलाफिलिप, २०२० व्हान आर्ट, २०२१ स्टाय्व्हन, २०२२ मोहोरिच, २०२३ व्हान डर पूल, २०२४ फिलिप्सन. आठ वर्षांत आठ माणसं, आणि यात डोंगरवीर, स्प्रिंटर, उतारबहाद्दर सगळे आले. यंदा पहिल्यांदा नाव परत आलं.

एका दिवसाच्या निकालावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. बायकांच्या शर्यतीची ही नव्याने पहिलीच खेप होती. पूर्वी १९९९ ते २००५ ‘प्रिमावेरा रोझा’ नावाने व्हायची, मग बंद पडली. अजून दहा वर्षं होऊ द्या, मग भांडू.

---

शंकासुर

माझा प्रश्न राहिलाच.

---

जुना सूर

ही तक्रार नवी नाही. हिला साठ-सत्तर वर्षांची दाढी आहे.

शर्यत १९०७ ची. गुलाबी कागदाच्या ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ने खप वाढवायला काढली. तेहतीस जण सुटले, जिंकला फ्रान्सचा पेती-ब्रतों, अकरा तासांवर वेळ लागला. पहिल्याच वर्षी शेवटी जेर्बीने दुसऱ्या एका फ्रेंच गड्याला चक्क धरून ठेवलं, त्यात पेती-ब्रतों पुढे गेला आणि जेर्बीची दुसऱ्यावरून तिसऱ्या क्रमांकावर रवानगी झाली. शुभारंभच असा.

त्या काळी समुद्राआधी लागणारी तुर्किनोची खिंड हाच फैसला असायचा. उंची जेमतेम ५३२ मीटर, पण मातीचा रस्ता आणि मार्चची थंडी. १९१० ला तिथे बर्फ पडलं. क्रिस्तोफ गारठून एका घरात शिरला, घोंगडी पांघरून शेकत बसला, खिडकीतून दुसरे जाताना दिसले म्हणून पुन्हा बाहेर पडला आणि जिंकला. बारा तासांहून जास्त लागले. साठावर लोक सुटले होते, पोचले ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

१९४६ ला युद्धानंतरच्या पहिल्या शर्यतीत कोप्पी तुर्किनोपासून एकटा गेला आणि १४ मिनिटांनी जिंकला. चौदा! रेडिओवाल्याने दुसरा येईपर्यंत संगीत लावलं अशी दंतकथा आहे.

पण मग रस्ते डांबरी झाले, गिअर सुधारले, तुर्किनो कोणालाच रोखेना, आणि सगळा घोळका एकत्र सान रेमोत येऊ लागला. तेव्हा आयोजकांनीही बिगरगिअर यांचाच प्रश्न विचारला असणार. फक्त उत्तर उलटं काढलं. अंतर कापलं नाही, शेवटाला चढ जोडला : १९६० ला पोज्जो. तोही पुरेना म्हणून १९८२ ला चिप्रेस्सा. २००८ ते २०१३ मध्ये ‘ले मानिए’ नावाचा आणखी एक होता, तो काढून टाकला.

त्यातला विनोद असा, की १९५३ नंतर इटालियन माणूस जिंकत नव्हता. पोज्जो घातला तर पहिल्याच वर्षी फ्रेंच माणूस जिंकला. इटलीला १९७० पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा दान्चेल्ली आला. आणि मधल्या काळात मर्क्सने दुकान मांडलं होतं, एकूण सात वेळा जिंकला गडी.

---

तिरकस तात्या

घोंगडी पांघरून जिंकला? हीच माझी शर्यत.

---

प्रवासी पक्षी

वाचनमात्र असतो, पण इथे लिहिणं भाग आहे. मी कामानिमित्त इटलीत होतो तेव्हा २०१८ ला पोज्जोवर उभा राहून ही शर्यत बघितली आहे.

सकाळी अकराला जाऊन जागा धरली. चढाच्या शेवटाजवळ, एका बाजूला दगडी कठडा, त्याच्यामागे काचेची हरितगृहं. हा सगळा भाग फुलशेतीचा. पाच तास करायचं काय? शेजारी एक आजोबा, घडीची खुर्ची, मांडीवर छोटा रेडिओ. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला इटालियन बेतासबात. दर अर्ध्या तासाने ते बोटांनी दाखवायचे, पुढच्यांना किती मिनिटांची आघाडी उरली ते. आधी दोन्ही हातांची बोटं, मग एका हाताची, मग तीन. गर्दी वाढत गेली, कोणी ब्रेड कापला, कोणी वाइनची बाटली फिरवली. वर मिलानकडे पाऊस होता म्हणे, आमच्याकडे उघडीप.

मग आजोबांनी मूठ मिटली. म्हणजे सगळे एकत्र. त्यानंतर सगळ्यांचा आवाज बसला. आधी हेलिकॉप्टर, मग पोलिसांच्या मोटरसायकली, आणि वळणावर निबाली. एकटा. तोंड उघडं, हनुवटीवरून लाळ लोंबतेय, जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे. हात लांब केला असता तर लागला असता. माझ्या बाजूचे आजोबा खुर्चीवर उभे राहिले होते, ते कधी आणि कसे चढले मला आजही माहीत नाही. मागे काही सेकंदांवर घोळका, आणि शंभरेक साखळ्यांचा तो एकच खर्रर्र आवाज. संपलं. मिनिटभरात रस्ता रिकामा.

आणि मग गंमत. पाच तास उभे राहिलेले आम्ही पंधराजण एका पोराच्या मोबाइलवर वाकलो आणि सहा किलोमीटरवर चाललेला शेवट त्या चिमुकल्या पडद्यावर बघितला. निबाली जिंकला, मागचे इतके जवळ की फोटोत ते त्याच्या खांद्यावर बसल्यासारखे दिसतात. आजोबा रडत होते.

ती पाच तासांची बोटं नसती तर ते मिनिट मला कळलं नसतं. बिगरगिअर यांना एवढंच.

---

मृण्मयी_सा

बोटं मोजणारे आजोबा! मला आता ख्यालाबद्दल लिहायची परवानगी द्या.

---

तिरकस तात्या

नाही.

---

आकडेमोड

पक्षी, सुंदर. पण तुमचा प्रतिसाद प्रेक्षकाच्या बाजूचा आहे आणि तोही रस्त्याकडेच्या. टीव्हीपुढच्या माणसाला वाइनची बाटली कोण फिरवणार?

रच्याकने (बाय द वे), पुढचा मुद्दा. समुद्राकाठी जे तीन छोटे चढ येतात त्यांची नावं वाचली का कोणी? कापो मेले, कापो चेर्व्हो, कापो बेर्ता.

---

तिरकस तात्या

‘कापो, मेले!’ वाचून मी ऑफिसात फिस्सकन हसलो. २४० किलोमीटरनंतर अशा नावाचा चढ ठेवायचा म्हणजे क्रौर्य आहे.

---

जुना सूर

क्रौर्यावरून आठवलं, २००४. त्साबेल, आधी चार वेळा जिंकलेला, पाचवी जवळपास हातात. रेषेच्या अलीकडेच दोन्ही हात वर केले, आणि ओस्कार फ्रेइरेने बाजूने सायकल पुढे ढकलून घेतली. हात दाखवून अवलक्षण हा वाक्प्रचार जर्मन माणसाने शब्दशः करून दाखवला. ऐंशी मीटर नाही, आठ मीटर नाही, वीतभराने गेली. म्हणून म्हणतो, २९० किलोमीटर सगळे लागतात, शेवटचा अर्धा मीटरसुद्धा.

---

वाऱ्यामागे

आणि उतार विसरू नका. पोज्जोच्या माथ्यापासून रेषा साडेपाच किलोमीटरवर. १९९२ ला आर्जेन्तीन माथ्यावर एकटा पुढे होता, शॉन केलीने उतारावर त्याला गाठलं आणि स्प्रिंटमध्ये मारला. चढाने नाही, उताराने शर्यत जिंकली. २०२२ ला मोहोरिचने तर डोंगरी सायकलची खाली-वर होणारी सीट लावून आणली. उतार आला की कळ दाबायची, सीट खाली, वजन जमिनीजवळ. एकदा गटारीत जाता जाता वाचला, पण जिंकला. नियमात बसत होतं.

सहा तास झाल्यावर, डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना, भिंतींमधल्या त्या वळणांवर ब्रेक न लावण्याचा निर्णय घ्यायचा. ताज्या डोक्याने तो उतार वेगळा आणि शिणलेल्या डोक्याने वेगळा. अंतर पायांइतकंच डोक्यालाही लागतं.

---

दुपारची झोप

शिणलेलं डोकं वाचून मला झोप आली. चांगल्या अर्थाने.

---

आकडेमोड

अंतर कापलेलं चालत नाही म्हणणाऱ्यांनी २०१३ आठवावं. तुर्किनोवर बर्फ, शर्यत मध्येच थांबवली, सगळ्यांना बसमध्ये बसवून खिंडीपलीकडे नेलं आणि समुद्राकाठी पुन्हा सोडलं. शेवटी भरलं २४६ किलोमीटर. तरी निकाल काय लागला? कोणाच्या ध्यानीमनी नसलेला चिओलेक जिंकला, सगान दुसरा, कान्चेलारा तिसरा. कमी अंतर, तरी अनपेक्षित.

---

रांदोनर_रावसाहेब

अहो, बर्फात भिजून बसमध्ये कुडकुडत बसायचं आणि मग ओले मोजे घालून परत सायकलवर! बूनेन तर परत चढलाच नाही. ते पन्नास किलोमीटर कापले नाहीत, व्याजासकट वसूल केले. मला कोणी बसमध्ये बसवलं असतं तर मी उतरलोच नसतो.

---

बिगरगिअर (धागाकर्ता)

प्रामाणिक अहवाल देतो. काल रात्री पूर्ण शर्यत रेकॉर्डिंगवर परत बघितली. निकाल माहीत असताना. बायकोने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

यावेळी पक्षींच्या आजोबांसारखं केलं. दर अर्ध्या तासाने वहीत आघाडी लिहिली. आणि एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. जो घोळका मला वरातीसारखा वाटला होता, त्याच्या पुढच्या टोकाला तेच ते दोन-तीन चेहरे तासन्‌तास वारा खात असतात. त्यांचं नाव निकालात शंभराच्या पुढे असतं किंवा नसतंच. समुद्राकाठी एकजण बाजूला झाला, पाय हलायचे थांबले, आणि अख्खी शर्यत त्याच्या शेजारून निघून गेली. त्याने एकदा मान वळवून समुद्राकडे बघितलं. हे मी आदल्या दिवशी झोपेत घालवलं होतं.

तरीपण! पाविआ ते तुर्किनोमधले पन्नास किलोमीटर कमी केले तर कोणालाही कळणार नाही, हे माझं मत कायम आहे. आणि दुसऱ्या तासाला मी पुन्हा झोपलो, तेही वहीत लिहिलं आहे.

---

अबोली

वहीत ‘झोपलो’ कसं लिहिलंत?

---

बिगरगिअर (धागाकर्ता)

उठल्यावर.

---

शंकासुर

तिसऱ्यांदा विचारतो. इतक्या विद्वानांच्या धाग्यावर माझ्या शंकेचं निरसन होणार आहे की मी वेगळा धागा काढू?

---

रांदोनर_रावसाहेब

माफ करा शंकासुर. पुढे पळणारे एकदा सुटले आणि घोळका निवांत झाला की एखादा मोठा गडी रस्त्याच्या कडेला थांबतो. त्याच्याबरोबर पंचवीस-तीस जण थांबतात. तेवढ्या वेळात कोणी हल्ला करायचा नाही, असा अलिखित नियम आहे. शेवटच्या टप्प्यात मात्र थांबायची सोय नाही, तेव्हा काहीजण चालत्या सायकलवरच उरकतात आणि सोबती पाठीवर हात ठेवून ढकलतो. प्रेक्षकांसमोर केलं तर दंड होतो.

आता बिगरगिअर, मला सांगा, ते पाविआ-तुर्किनोमधले पन्नास किलोमीटर काढले तर ही माणसं थांबणार कुठे?